हात धुतल्याचा आवाज

१

दुकानात शिरल्या शिरल्या ताईने विक्रेत्याला ना किंमत विचारली, ना रंग. मशीन आवाज किती करतं, एवढंच विचारलं. विक्रेता खूश झाला. बाई चोखंदळ आहेत, घरासाठी काहीतरी शांत आणि नाजूक शोधताहेत, असा त्याचा समज झाला. त्याने काचेच्या कपाटातून पांढराशुभ्र, गुळगुळीत असा एक ऑटोमॅटिक सोप डिस्पेन्सर काढला आणि खाली हात धरून दाखवला. तळहातावर फेस अलगद येऊन बसला. आवाज म्हणाल तर जवळजवळ नाहीच.

"हा नको," ताई म्हणाली. "मला स्वयंपाकघरात ऐकू यायला हवं."

विक्रेत्याच्या कपाळावर आठ्या आल्या, पण त्यात त्याची चूक नव्हती. ताई कोण, हे त्याला कुठे माहीत होतं. लहान मुलांच्या दुधाची पावडर डब्यांत भरणाऱ्या कारखान्यात ती स्वच्छता तपासायची. पॅकिंग विभागाच्या दाराशी उभं राहायचं आणि हात धुतल्याशिवाय कोणालाही आत सोडायचं नाही, हे तिचं काम. तिथल्या भिंतीवर असंच एक मशीन होतं. त्याची घरघर झाली की माणसाने साबण घेतला, मग पाण्याचा आवाज, मग आत. इतकी वर्षं हे काम करून ताईला मान वर करायचीही गरज उरली नव्हती. ती कानांनीच माणसं आत सोडायची. कामगार तिला पाठीमागे साबणबाई म्हणत आणि तिला ते ठाऊक होतं. चेहरे मात्र तिला कोणाचेच धड आठवायचे नाहीत.

आता तीच पाळी घरावर आली होती. तिची धाकटी बहीण इस्पितळातून घरी येणार होती. रक्ताचा आजार, त्यावर महिनोन्महिने उपचार, आणि त्या उपचारांनी रक्तातलं वाईट गेलं तसं चांगलंही धुऊन निघालेलं. नवीन रक्त अंगात रुळेपर्यंत हिला साध्या सर्दीशीही लढता येणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. औषधं आम्ही दिली, आता तुम्ही फक्त हात सांभाळा, एका न धुतलेल्या हाताने सगळं मातीमोल होईल, असंही ते म्हणाले होते. ताईला हे समजावून सांगावं लागलं नाही. तिचा जन्मच त्यात गेला होता.

साध्या बाटलीतला साबण तिला नको होता. बाटलीचं डोकं दाबायला आधी घाणेरडा हातच लागतो. शिवाय कोणी धुतले आणि कोणी नुसतं नळाखाली बोटं ओली करून पळ काढला, हे कळायला मार्ग नाही. म्हणून मशीन हवं आणि ते ऐकू येणारं हवं. आणखी एक अट होती. स्वस्तातली मशीनं पडदा हलला तरी साबण सोडतात, तसलं नको.

मग विक्रेत्याने मागच्या खोलीतून एक करड्या रंगाचं, ओबडधोबड मशीन आणलं. दिसायला डबडं आहे, पण फसत नाही, असं म्हणत त्याने त्याच्याखालून डायरी फिरवली, पुसायचं फडकं फिरवलं, रिकामा खोका धरला. मशीन ढिम्म. मग त्याने हात धरला आणि ते घसा खाकरल्यासारखं घरघरलं.

"बघा. फक्त हातालाच देतं," तो म्हणाला. "दुसऱ्या कशालाही नाही."

ताईने तेच घेतलं.

२

धाकटीची खोली पॅसेजच्या टोकाला होती आणि तिच्या दाराबाहेरच बेसिन. ताईने तिथला नळ बदलून कोपराने ढकलायच्या लांब दांडीचा बसवून घेतला, वर भिंतीवर मशीन लावलं आणि घरातल्या सगळ्यांना नियम सांगितला. सगळे म्हणजे कोण, तर आई आणि धाकटीचा नवरा. हात धुतला त्याने आत जावं. नाही धुतला त्याने जाऊ नये, मग तो कोणीही असो.

आईला जुना खोकला. तिने ताट दाराशी स्टुलावर ठेवायचं आणि तिथूनच बोलायचं. आई दिवसभर भांडी आपटत राहिली. ताईने तिकडे लक्ष दिलं नाही. असल्या रुसव्यांना ती कारखान्यात रोज पुरून उरायची.

मेहुण्यांचं प्रकरण अवघड होतं. ते प्रवासी बस चालवायचे, चार दिवस बाहेर आणि दोन दिवस घरी. बायकोला माहेरी ठेवायचं ठरलं तेव्हा त्यांनी फारशी खळखळ केली नव्हती. पहिल्यांदा भेटायला आले ते तसेच बस उभी करून, हातात मोसंब्यांची पिशवी घेऊन थेट पॅसेजमध्ये. ताई स्वयंपाकघरात होती. पावलांचा आवाज आला, मशीनचा आला नाही. ती पोळी तव्यावर टाकून धावली आणि दाराला आडवी झाली.

मेहुणे म्हणाले, की ते फक्त दारातून बघणार होते. ताई म्हणाली, दारातून बघायचं तर दारावर हात कशाला. मेहुणे म्हणाले, अहो, माझी बायको आहे ती. ताई म्हणाली, म्हणूनच. आवाज चढले. आतून धाकटी हाका मारत होती, आधी नवऱ्याला, मग ताईला, मग कोणालाच नाही. शेवटी मेहुण्यांनी मोसंबी जमिनीवर ठेवली.

"सांभाळा तुमचं तुम्ही," ते म्हणाले आणि गेले. त्यानंतर त्यांचा फोन यायचा, ते येत नसत. मनातून त्यांना सुटल्यासारखंच झालं असणार, असं ताईला वाटायचं, आणि ते तिने आईला बोलूनही दाखवलं. आईने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की पुन्हा तो विषय निघाला नाही.

धाकटी रडली नाही. उजेडाने तिचे डोळे दुखायचे म्हणून ती दुपारी डोळ्यांवर काळं कापड बांधून, भिंतीकडे तोंड करून पडायची. तशीच पडून ती एकदा म्हणाली, "ताई, मला कोणी हातच लावत नाही गं."

ताई तेव्हा तिची चादर बदलत होती, रबरी मोजे घालून. लवकर बरी हो, मग लावू, असं ती म्हणाली आणि चादरीची टोकं गादीखाली खोचली.

३

ताईची सकाळपाळी असायची. दुपारी ती घरी येई, धाकटीचं सगळं करी आणि मग स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर पाय लांब करून बसे. तिथून पॅसेज दिसत नव्हता, ऐकू येत होता.

दुपारच्या त्या सुस्त वेळात मशीन घरघरे. मग दांडीचा खट्ट आवाज, मग पाणी. आई ताट आणायला गेली असेल, असं समजून ताई डोळे मिटून घेई. तिकडे आई बाहेरच्या खोलीत पडल्या पडल्या तोच आवाज ऐके आणि ही पुन्हा हात धुतेय, म्हणून कूस बदले. असे कितीतरी दिवस गेले. दोघींचं एकमेकींशी बोलणं तेव्हा कामापुरतंच चालू होतं, नाहीतर हे आधीच कळलं असतं.

कळलं ते साबण संपला तेव्हा. एवढ्यात संपायला नको होता. आई भांड्यांनाही तोच वापरते की काय, असं ताईने विचारलं, आणि आई भडकली. आधी खोलीत जायला बंदी, आता साबणाचाही आळ, असं म्हणून ती म्हणाली, दिवसभर तूच तर त्या मशीनखाली उभी असतेस, काल मी पडले होते तेव्हा तीनदा धुतलेस.

ताईने काल दुपारी एकदाच हात धुतले होते.

 तिने पॅसेजमधला पंखा बंद केला, खिडकी लावली, टॉवेलची दांडी दुसऱ्या भिंतीवर नेली. भिंतीवर पाल फिरत असेल म्हणून केरसुणी घेऊन कोपरान् कोपरा धुंडाळला. मग मशीन काढून पिशवीत घातलं आणि दुकान गाठलं. विक्रेत्याने पुन्हा तीच डायरी, तेच फडकं फिरवलं. मशीन ढिम्म. बिघाड काहीच नाही, तुम्हाला भास होत असतील, बाई, असं तो हसून म्हणाला. ताईलाही ते पटलं. घरात आजारपण असलं की माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही, हे तिनेच परवा आईला सुनावलं होतं.

४

धाकटीच्या तोंडाला चव आली. ती पेज संपवायला लागली, मग वरण-भात. तिचा आवाज मोकळा झाला. एका दुपारी ताई आत गेली तेव्हा ती डोळ्यांवरच्या कापडाखालून हसत होती.

"तू मघाशी केसांतून हात फिरवलास ना, तेव्हा झोपच लागली मला," ती म्हणाली. डोक्यावर केस कुठले, नुकती कुठे लव उगवायला लागली होती. "रोज मोजे काढून येतेस हल्ली. मला कळतं. हाताला साबणाचा वास येतो."

ताई नुकतीच कारखान्यातून आली होती. अजून तिने चपलासुद्धा जागेवर ठेवल्या नव्हत्या.

खरं बोलायची तीच वेळ होती. मी नव्हते गं, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण महिनोन्महिने धाकटी तिच्याशी इतक्या मायेने बोलल्याचं तिला आठवत नव्हतं. जिच्यासाठी नोकरी आणि घर करता करता तिच्या नाकी नऊ आले होते, त्या पोरीने तिला आजवर फक्त दाराशी उभी असलेली बाई समजलं होतं. 

"बरं वाटतं ना?" तिने विचारलं.

"फार. फक्त बोलत का नाहीस गं तेव्हा? मी इतकं बोलते, तू आपली गप्प."

कामाने थकलेली असते, असं ताई म्हणाली. मग ती स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला धरून उभी राहिली. 

५

दुसऱ्या दिवशी तिने अर्धी रजा घेतली. आईला कुठल्याशा कामासाठी शेजारी धाडलं आणि स्वतः पॅसेजमध्ये स्टूल टाकून बसली. धाकटी झोपली होती. उघड्या दारातून बाहेरच्या खोलीतलं ऊन पॅसेजच्या फरशीवर आलं होतं. वरच्या मजल्यावर कोणीतरी फर्निचर सरकवत होतं. घाबरण्यासारखं काही नव्हतं आणि ताईला आपलंच हसू यायला लागलं होतं.

मशीन घरघरलं.

नळीच्या तोंडाशी साबणाचा थेंब आला. निळसर, जाड, बोराएवढा. तो सुटला. ताईचे डोळे त्याच्यावरच होते. तो बेसिनपर्यंत गेला नाही. वाटेतच, साधारण माणसाचा तळवा असावा त्या उंचीवर, तो थांबला आणि मग चपटा होऊन पसरला.

मग चोळल्याचा आवाज आला. ताईला तो आवाज झोपेतही ओळखता आला असता. आधी तळव्यावर तळवा, मग हाताची पाठ, मग बोटांच्या बेचक्या, मग एकेक अंगठा मुठीत धरून गोल. कारखान्यात ती हेच शिकवायची आणि शंभरातले नव्वद लोक अंगठा विसरायचे. इथे अंगठा सुटला नाही. हवेत फेस होत गेला, दांडी खट्ट झाली, पाणी वाहिलं, फेस गेला. आणि ज्या क्षणी ताई घाबरली, त्याच क्षणी तिच्या डोक्यातली साबणबाई म्हणाली, धुतले बरं का नीट.

खोलीचं दार किंचित आत सरकलं आणि पुन्हा टेकलं. ताई जागची हलली नाही. तिला दार उघडून बघता आलं असतं. आतून धाकटीचा झोपाळू आवाज आला, आलीस का गं, आणि मग ती हळू आवाजात काहीबाही सांगत राहिली. लहानपणी एका पांघरुणात दोघी निजायच्या, तेव्हा सांगायची तसं. ताई स्टुलावर बसून ते ऐकत राहिली. जे तिला सांगायचं ते दुसऱ्याच कोणाला तरी सांगितलं जात होतं. भीती होतीच, पण तिच्या बरोबरीने मत्सरही होता, आणि नंतर मागे वळून पाहता तिला मत्सरच जास्त आठवायचा.

६

तपासणीचे आकडे चांगले आले. डॉक्टर फोनवर हसत होते. नवीन रक्त धरतंय, तुम्ही जे काय करताय ते तसंच चालू ठेवा, काही बदलू नका, असं त्यांनी दोनदा सांगितलं. आईने ताईला जवळ घेतलं आणि आपलं चुकलं म्हणून ती रडली. ताईला ते सुख घेता आलं नाही.

कोणाला सांगणार? आईला सांगितलं तर ती हाय खाईल. डॉक्टरांना सांगितलं तर ते ताईलाच औषध देतील. आणि धाकटीला काय सांगणार, की तुला कुरवाळणारा तो हात माझा नाही, कोणाचा ते ठाऊक नाही?  ताईने मनाशी निरनिराळे हिशेब मांडून पाहिले. ते त्रास तर देत नाही. ते नियम पाळतं, माणसांनी पाळला नाही इतका. असेना का, असं एखाद्या दुपारी वाटायचं.

पण धाकटी दिवसेंदिवस त्या हाताचीच होत चालली. ताई खऱ्याखुऱ्या पायांनी आत गेली की धाकटी नुसती हं हं करायची. एकदा धीर करून ताईने मोजे काढले, हात धुतले आणि तिच्या कपाळावर ठेवला. धाकटी दचकली.

"आज काय झालंय तुझ्या हाताला? किती खरखरीत लागतोय," ती म्हणाली आणि तिने मान वळवून घेतली.

ताई तशीच बाहेर आली आणि तिने मशीनचं झाकण उघडून सेल काढले. रागाच्या भरात असली, तरी विचार तिने केला होता. हात धुतला नाही तर आत जायचं नाही. हा नियम तिचा होता, आत जाणारं ते जे काय होतं तेही तो नियम पाळत होतं आणि म्हणून त्याला थांबवायचा हा साधा उपाय होता. इतकी वर्षं हजारो माणसं तिने याच एका गोष्टीवर दाराबाहेर रोखून धरली होती. साबण मिळाला नाही की माणूस आत जात नाही, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. स्वतःसाठी तिने वेगळा साबण मोरीत नेऊन ठेवला.

पॅसेज शांत झाला. ना घरघर, ना खट्ट, ना पाणी. ताईने दोन दुपारी कान देऊन ऐकलं आणि तिसऱ्या दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या तिला गाढ झोप लागली.

७

चौथ्या दिवशी सकाळी धाकटी तापाने फणफणली. ताईने रक्ताचा नमुना पाठवला, कामावर कळवलं आणि ओल्या फडक्याच्या घड्या ठेवत बसली. धाकटी काहीतरी पुटपुटत होती, पण कळत नव्हतं. फडकं धुवायला ताई मोरीत गेली तेव्हा तिला पाणी गढूळ झालेलं दिसलं. तिने ते फेकून दिलं.

दुपारी डॉक्टरांचा फोन आला. आज ते हसत नव्हते. गाडी पाठवतोय, लगेच दाखल करा, असं म्हणून त्यांनी विचारलं, घरात कुंड्या आहेत का? कोणी बागेत, शेतात काम करतं का? ताई नाही म्हणाली. 

"हा जंतू मातीत असतो, खोल मातीत," ते म्हणाले. "न धुतलेल्या हाताशिवाय तो तिथवर पोहोचणार नाही. कोण जातं आत?"

ताईने फोन खाली ठेवला. नियम तिने घातला होता, पण तो त्याला अडवत नव्हता, साबण नसतानाही ते आत जाऊ शकत होतं. ते आपणहून हात धुऊन जात होतं. शिष्टाचार म्हणा, माया म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. आणि तिने त्याचा साबण काढून घेतला होता.

तिने खणातून सेल काढले. घाईत ते धड बसेनात. आई मागून विचारत होती, काय झालं, काय करतेस. झाकण लागलं, लाल दिवा लुकलुकला. ताईने आधी आपलेच हात खाली धरले. मशीनने साबण दिला. ती धुवायला लागली, तळवा, पाठ, बेचक्या, अंगठा, पार कोपरापर्यंत, आणि धुता धुता ती रिकाम्या पॅसेजशी बोलत होती.

"धुऊन जा," ती म्हणत होती. "तुझ्या पाया पडते. जा तू आत, रोज जा, मी आड येणार नाही. फक्त हात धुऊन जा."

ती बाजूला सरून उभी राहिली, दुसऱ्या कोणाला जागा करून द्यावी तशी. मशीन घरघरलं नाही. खाली रस्त्यावर गाडीचा भोंगा ऐकू आला.

खोलीचं दार आधीच उघडं होतं.

ताई उंबऱ्यात थबकली. धाकटी भिंतीकडे तोंड करून पडली होती, डोळ्यांवर कापड. पलंग भिंतीला घट्ट टेकवलेला, मध्ये बोट शिरेल एवढीही फट नाही. तिच्या वरच्या गालावर चार बोटं उमटली होती, ओली आणि काळी. बोटांची टोकं दाराकडे होती. म्हणजे हात भिंतीकडून आला होता. ताई पाहत होती तेवढ्यात गालाची कातडी जरा दबली आणि काळा ओघळ हळूहळू कानापर्यंत गेला.

"ताई, आज हात धुतले नाहीस तू," धाकटी म्हणाली. आवाज तापाने जड झाला होता, पण त्यात तक्रार नव्हती. "माती लागतेय गालाला."

ताईने एक पाऊल आत टाकलं आणि मागे घेतलं.

"असू दे," धाकटी म्हणाली. तिने स्वतःचा हात उचलला, गालावरच्या त्या कशावर तरी ठेवला आणि बोटं घट्ट मिटली. "काढू नकोस."

जिन्यावर स्ट्रेचर घेऊन येणाऱ्यांची पावलं वाजत होती आणि आई त्यांना घाईने वर बोलावत होती. ताई उंबऱ्यातच उभी होती, कोपरापर्यंत धुतलेले दोन्ही हात पुढे धरून. त्यांतून पाणी फरशीवर निथळत होतं.